बसली

गवताला कुसळं धरायला लागली आणि नेमका त्याच आठवड्यात मामंजींचा गुडघा गेला.

कुसळं पिकायच्या आत मेंढ्यांची लोकर उतरवावी लागते. ती एकदा अंगात शिरली की लोकर कुणी हातात धरत नाही, आणि जनावराच्या कातडीला जखमा होतात ते वेगळंच. म्हणून त्या दिवसांत आमच्या घराला श्वास घ्यायची फुरसत नसते. आजूबाजूचे कळपवाले आपापली जनावरं आणून कुंपणाबाहेर खोळंबतात, धूळ उडते, कुत्री एकमेकांवर धावून जातात, आणि आमच्या छपराखाली दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत कातरीची कचकच चालते.

काम दोघांचं. एक जण जनावर धरून त्याला ढुंगणावर बसवतो आणि त्याची पाठ आपल्या गुडघ्यांना टेकवतो. दुसरा कातरतो. बसवलेली मेंढी आधी पाय झाडते, मान फिरवते, आणि मग एकदम अंग सैल सोडते. ते धरणाऱ्याच्या हातांना कळतं. मग तो म्हणतो, "बसली!" आणि त्याच दमात पकड सोडतो, कारण सैल पडलेल्या जनावराला आवळून धरलं की ते पुन्हा बिथरतं. एडका असला तरी शब्द 'बसली'च. एडक्याला 'बसला' का म्हणत नाहीत, असं मी लग्न होऊन आले तेव्हा विचारलं होतं.

"आजवर एकाही एडक्यानं तक्रार केली नाही," मामंजी म्हणाले.

काही जनावरं मात्र सैल पडल्याचं सोंग करतात आणि पकड सुटली की उसळतात. त्यांच्यासाठी दुसरा शब्द आहे, "लबाड!" तो ऐकला की हात आणखी घट्ट करायचे. आमचा स्वतःचा एक काळतोंड्या एडका आहे. त्यानं त्या दिवशी असं बेमालूम सोंग केलं की उभ्या आयुष्यात मामंजी पहिल्यांदा फसले. ते "बसली" म्हणाले, हात सोडले, आणि काळतोंड्यानं उलटं फिरून कपाळ त्यांच्या गुडघ्यावर आणलं. तो आवाज मी पार चुलीपाशी ऐकला. डॉक्टरांनी पाय फळीला बांधला आणि थंडी संपेपर्यंत खाली वाकायचं नाही म्हणून सांगितलं. मामंजींनी मान डोलावली आणि डॉक्टर गेल्यावर त्यांच्या नावानं बराच वेळ पुटपुटत राहिले.

आता जनावरं बसवणार कोण? माझा नवरा कातरणारा. त्याच्या हातात कातर आली की लोकर सायीसारखी सुटते, पण एका वेळी दोन्ही कामं कुणालाच जमत नाहीत. बाहेर कळप उभे. मग मी कंबर कसली.

मी अंगानं भरलेली आहे. लोकरीचं पोतं एकटी उचलते. मेंढ्या मी बसवल्या, घाम गाळत का होईना. काळतोंड्याची पाळी आली तेव्हा मी त्याच्या मानेला मिठी मारली, आणि त्यानं मला अख्ख्या मेंढवाड्यातून फिरवून आणलं. कोणी कुणाला धरलंय हे कुंपणाबाहेरच्या लोकांना कळत नव्हतं. एक कळपवाला तर हसता हसता कुंपणावरून खाली पडला.

"वहिनी, सोड त्याला," टिचकी म्हणाली.

टिचकी ही माझी नणंद. मामंजींचं शेंडेफळ. वय अठरा, पण अंगानं काडी. भांडणात कुणाच्या पाठीत धपाटा घालायचा तर तिला उडी मारावी लागते. तोवर तिचं काम लोकर झाडायचं आणि निवडायचं होतं. ती आडव्या बांबूखालून वाकून आत आली, ओढणी कमरेला गुंडाळली आणि काळतोंड्यासमोर नुसती उभी राहिली.

"पोरी, बाजूला हो!" मामंजी खाटेवरून ओरडले.

काळतोंड्या धावून आला. मी डोळे मिटले नव्हते, तरी नीट काय झालं ते मला दिसलं नाही. ती जागेवरून किंचित सरकली, तिचा एक हात त्याच्या हनुवटीखाली गेला, दुसरा कुशीला लागला, त्याची मान त्याच्याच खांद्याकडे वळली, आणि तो आडदांड एडका मागचे पाय पुढे पसरून पाहुण्यासारखा बसला होता. टिचकीचे गुडघे त्याच्या पाठीला. तिच्या मनगटावर सुतळीसारख्या शिरा फुगल्या होत्या, पण श्वाससुद्धा लागला नव्हता.

"लबाड आहे हा," ती म्हणाली, आणि थांबली. काळतोंड्यानं सोंग केलं, तिनं हात सैल केले नाहीत. त्यानं पुन्हा सोंग केलं. शेवटी त्यानं खरोखरच हात टेकले, म्हणजे पाय. तेव्हा ती म्हणाली, "बसली!"

नवरा कातर हातात घेऊन तसाच उभा. "अगं, कसं केलंस?"

"तो ढकलतो ना, दादा, तेव्हाच तो हलका असतो," टिचकी म्हणाली. "कातर लवकर, हा काही दिवसभर बसणार नाही."

मामंजींनी शाबासकी दिली नाही. ते फक्त म्हणाले, "डावा पाय जरा मागं ठेवत जा." पण संध्याकाळी त्यांनी आपल्या ताटातली साय तिच्या ताटात सारली, आणि मी ते पाहिलं.

त्या दिवसापासून बसवायचं काम टिचकीचं झालं. तिची चपळाई अशी की नवऱ्याला हात पुसायला वेळ मिळेना. अंगभर लोकरीचा चिकट तुपकटपणा, केसांत धूळ, पोटऱ्यांवर खुरांचे ओरखडे, आणि तोंडानं गाणं. कळपवाले आता खोळंबलो म्हणून कुरकुर करत नव्हते. काम झालं तरी ते जाईनात, कुंपणाला टेकून बघत बसत.

अशातच मास्तर आले. ते गावातल्या शाळेत पोरांना ज्युदो शिकवत. जुन्या गोदामात त्यांचा वर्ग भरे, आणि तिथल्या गाद्यांमध्ये भरायला त्यांना पोटाखालची आखूड, मळकी लोकर हवी होती. ती आम्ही फेकूनच देतो. मी त्यांचं पोतं भरत होते आणि ते टिचकीकडे बघत होते. पोतं भरून शिवून झालं तरी ते बघतच होते.

"या मुलीचं वजन किती?" त्यांनी विचारलं.

"ओली असताना की कोरडी असताना?" नवऱ्यानं विचारलं.

मास्तर हसले नाहीत. ते मामंजींच्या खाटेपाशी जाऊन बसले. थंडीआधी गावात सामने होते. सगळ्यात हलक्या गटात जी मुलगी जिंकेल तिला शहरातल्या मोठ्या क्रीडाशाळेत जागा मिळणार होती. राहणं तिथं, जेवण तिथं, शिक्षण तिथं. "मी इतकी वर्षं शिकवतोय," मास्तर म्हणाले, "पण असे हात मी पाहिले नाहीत. एवढ्याशा अंगात एवढा जोर आणि एवढा वेग."

मामंजींनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. "आणि पुढल्या कुसळांना एडके कोण बसवणार? तुम्ही?"

मास्तरांनी काळतोंड्याकडे पाहिलं. काळतोंड्यानं मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "मी नाही."

 टिचकी मेंढी धरून उभी होती आणि तिचे कान लाल झाले होते. तिला जायचं होतं. इतकं जायचं होतं की तोंडातून शब्द फुटत नव्हता. मला ते कळलं, आणि मी सुनेनं बोलू नये तिथं बोलले. "मामंजी, खेळू तर द्या. हरली तर इथंच आहे की."

मामंजींनी बराच वेळ गुडघा चोळला. "खेळ," ते टिचकीला म्हणाले. "जिंकलीस तर जा. हरलीस तर पुन्हा हा विषय काढायचा नाही. आणि दिवसाचं काम झाल्याशिवाय गोदामाकडे फिरकायचं नाही."

मग ती दिवसभर मेंढ्या बसवी आणि ऊन उतरलं की गोदामात पळे. तिथून आली की मला सगळं सांगे. माणसाला हनुवटीखाली धरायचं नाही, अंगरख्याला धरायचं. पाठीवर सपशेल पाडलं की खेळ तिथंच संपतो. कुशीवर पाडलं तर अर्धा गुण, आणि अर्धे दोन झाले की जिंकलं. खाली पडलेल्या माणसाला पंच थांब म्हणेपर्यंत दाबून धरलं, तरीही जिंकलं. हे सगळं तिला चटकन जमलं. जमेना ते पडणं.

"आपल्या धंद्यात मेंढी पडते, वहिनी, आपण नाही. मास्तर म्हणतात, आधी पडायला शिक."

शिकायला जोडीदार हवा म्हणून तिनं मला निवडलं. उतरवलेल्या लोकरीचा ढीग कमरेएवढा झाला होता. त्याच्यासमोर आम्ही उभ्या राहिलो. मी तिच्या दुप्पट. मी म्हटलं, "हे बघ, माझा हात मोडला तर उद्याचं जेवण तू..." वाक्य पुरं व्हायच्या आत मला छपराची मागची बाजू दिसली. मग आभाळ दिसलं. मग मी लोकरीत बुडाले होते. लहानपणानंतर मला कुणी उचललं नव्हतं. लग्नातसुद्धा नवऱ्यानं प्रयत्न करून नाद सोडला होता.

"लागलं का?" टिचकीनं घाबरून विचारलं.

"पुन्हा कर," मी म्हटलं.

तिनं पुन्हा केलं. आम्ही दोघी हसून हसून लोळत होतो, नाकातोंडात लोकर गेलेली. नवरा छपराखालून ओरडला, "अगं, निवडलेली लोकर आहे ती!" मामंजी खाटेवरून म्हणाले, "सूनबाई, पडताना मान आत घे." मग मी तिला पाडलं, पुष्कळदा पाडलं, आणि ती पडायला शिकली. लोकर सगळी पुन्हा निवडावी लागली, ते सोडून द्या.

सामन्यांच्या दिवशी आम्ही तिघं सकाळीच निघालो. मामंजी म्हणाले, "माझा पाय हा असा. मी काय तिथं येऊन दिवे लावणार आहे?" आम्ही आग्रह केला नाही.

सभागृह मोठं, गुळगुळीत फरशीचं. आमच्या पायांचे ठसे उमटत होते आणि एक माणूस फडकं घेऊन आमच्या मागं मागं येत होता. वजन करणाऱ्या बाईनं टिचकीला काट्यावर उभं केलं, आकडा पाहिला, तिला उतरवलं, स्वतः उभी राहून बघितलं आणि तिला पुन्हा उभं केलं. काटा बरोबर होता. बाकीच्या मुली वजन जास्त भरायला नको म्हणून आदल्या दिवसापासून उपाशी होत्या. आमच्या बाईसाहेब केळं खात होत्या.

क्रीडाशाळेत जायच्या तयारीतली एक लांब हातांची मुलगी होती. पांढराशुभ्र अंगरखा, इस्त्री केलेला पट्टा. ती टिचकीशेजारी उभी राहिली आणि नाक आक्रसून पंचाला म्हणाली, "सर, हिच्या हातांना काहीतरी लावलंय. तेलकट आहेत. आणि वास येतोय."

पंचानं टिचकीचे हात हुंगले. लोकरीचा तुपकटपणा आमच्या हातांतून जात नाही, मुरतो. सगळ्यांसमोर टिचकीला कोपऱ्यातल्या नळावर साबण लावून हात धुवायला लावले. पंचानं बघितले, पुन्हा धुवायला लावले. ती खाली मान घालून घासत होती आणि मागं कुणीतरी मेंढीचा आवाज काढला. माझा हात शिवशिवला. नवऱ्यानं माझं मनगट धरून ठेवलं.

पहिल्या मुलीनं टिचकीचा अंगरखा धरून ढकललं. बिचारीला कुठं ठाऊक, ढकलणाऱ्याचं आमच्याकडे काय होतं ते. ती पाठीवर आपटली आणि छताकडे बघत राहिली. दुसरी हुशार होती, तिनं ढकललं नाही, ओढलं. टिचकी ओढीबरोबर आत गेली, खाली बसली आणि ती मुलगी तिच्या डोक्यावरून गेली. मागचा मेंढीचा आवाज बंद झाला. मास्तरांना खुर्चीत बसवेना. चष्मा कपाळावर सारून तोच ते खिशात शोधत होते.

शेवटचा सामना लांब हातांच्या मुलीशी. ती खरंच चांगली होती, उगाच कशाला खोटं बोलू. ती टिचकीला जवळ येऊ देईना. बराच वेळ दोघी नुसत्या फिरत राहिल्या. मग टिचकीनं एक खोटी हूल दिली, त्या मुलीचं वजन एका पायावर आलं, आणि तिला कळायच्या आत ती कुशीवर पडली. अर्धा गुण! टिचकी तिच्यावर तुटून पडली आणि तिला दाबून धरलं. मुलीनं पाय झाडले, मान फिरवली, आणि एकदम तिचं अंग सैल पडलं.

आणि मी, शहाणी, बाकावर उभी राहून अख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल असं ओरडले, "बसली!"

टिचकीचे हात उघडले.

तिनं विचार केला नाही, हातांनीच ऐकलं. मुलगी सुळकन खालून निसटली. पंच बघत राहिला, मास्तरांनी डोक्याला हात लावला, आणि टिचकीनं गर्दीत वळून माझ्याकडे असं पाहिलं की धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं असं झालं. दोघी पुन्हा उभ्या राहिल्या. टिचकीचं चित्त ठिकाणावर नव्हतं. त्या मुलीनं तिला पायात पाय घालून कुशीवर पाडलं. आता दोघींचा अर्धा अर्धा गुण. पुढचा ज्याचा, तो जिंकला.

"काय केलंस हे!" नवरा म्हणाला.

मी डोक्याचा रुमाल काढला, त्याचा बोळा केला आणि तोंडात कोंबला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझ्या एका शब्दानं पोरीचं शहर गेलं, असं मला वाटत होतं.

मग ती मुलगी घाई करून चुकली. तिला संपवायचं होतं. तिनं ढकललं, थोडंसंच, पण टिचकीला तेवढं पुष्कळ होतं. दोघी मिळून खाली गेल्या. पडणं नीट नव्हतं, पंचानं गुण दिला नाही. पण टिचकी वर होती आणि तिची पकड बसली होती. मुलगी तडफडली. मग तिनं पुन्हा तेच केलं, अंग सैल सोडलं. एकदा फळ मिळालं होतं ना! मी रुमाल दातांनी चावत होते. मला बाकावरून टिचकीची बोटं दिसत होती. ती हळूहळू सैल व्हायला लागली. या वेळी कुणी काही बोललंही नव्हतं. जन्माची सवय, दुसरं काय.

"लबाड!"

आवाज दारातून आला. "लबाड आहे ती! धर, पोरी, धर!"

मामंजी उभे होते. एका काखेत काठी, फळीला बांधलेला पाय पुढे, अंगभर लोकर चिकटलेली. लोकर नेणाऱ्या टेम्पोत पोत्यांवर आडवे पडून आले होते. टिचकीची बोटं मिटली. ती मुलगी खरीखुरी उसळली, डावीकडे, उजवीकडे, पण आमची काडी तिच्यावर अशी चिकटली होती जशी कुसळ लोकरीला. पंचानं हात वर केला.

सभागृहात काय गोंधळ झाला मला माहीत नाही, कारण मी बाकासकट पडले होते. मान आत घेतली होती, म्हणून लागलं नाही. उठून बघते तर टिचकी त्या मुलीला हात देऊन उठवत होती. कातरून झालेल्या मेंढीला आम्ही पाठीवर दोन थापा मारून बाहेर सोडतो. टिचकीनं सवयीनं तिला तशाच दोन थापा मारल्या. ती मुलगी आधी चमकली, मग हसायला लागली, आणि वास येणाऱ्या माझ्या नणंदेच्या गळ्यातच पडली.

मामंजी तेव्हाही शाबासकी देऊन मोकळे झाले नाहीत. "डावा पाय पुढं आला होता," ते म्हणाले, आणि बाहीनं नाक पुसलं.

थंडी संपत आली तसा तिचा जायचा दिवस आला. मामंजींच्या पायाची फळी सुटली होती, पण काठी होती. सगळे फाट्यावर बसची वाट बघत होतो. मामंजी शेजारच्या टेम्पोवाल्याच्या लोकरीच्या पोत्यावर बसले होते. इतके दिवस नाचणारी टिचकी सकाळपासून गप्प होती. बस दिसली आणि तिनं खाली बसून मामंजींचं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

"मी नाही जात."

"हे काय आता?" नवरा म्हणाला.

"बाबांचा गुडघा असा. वहिनीला काळतोंड्या जुमानत नाही. पुढल्या कुसळांना तुम्ही काय करणार?"

"मी शिकते आहे की," मी म्हटलं. कालच काळतोंड्यानं मला चाऱ्याच्या टोपलीत बसवलं होतं, पण ते मी बोलले नाही.

बस येऊन थांबली. कंडक्टर घाई करायला लागला. मास्तर पिशवी धरून पायरीवर उभे. टिचकीचे हात काही सुटेनात, आणि ते हात सोडवायची ताकद आमच्यापैकी कुणातच नव्हती. मामंजींनी ओढून बघितलं. ते तिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी एक मोठा श्वास सोडला, खांदे पाडले, मान टाकली, सगळं अंग पोत्यावर सैल सोडलं. इतकं थकलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"बसली," ते हळूच म्हणाले.

टिचकीचे हात उघडले.

तिनं आपल्या मोकळ्या हातांकडे पाहिलं, मामंजींकडे पाहिलं, आणि तिला हसू आणि रडू एकदमच आलं. मामंजींनी तिच्या पाठीवर दोन थापा मारल्या. ती पळत जाऊन बसमध्ये चढली. खिडकीतून तिचा हात वळणापर्यंत हलत होता.

बस दिसेनाशी झाली. मामंजी तसेच पोत्यावर मान टाकून.  मी त्यांना उठवायला हात पुढे केला, तर त्यांनी तो झटकला, काठी रोवली आणि ताडकन उभे राहिले.

"चल, सूनबाई. काळतोंड्याला बसवायचंय. आज तू धर, मी सांगतो कसं ते."

 "मामंजी! म्हणजे मघाशी तुम्ही..."

"एवढी जिंकून आली," ते म्हणाले, "पण माणसाचं सोंग अजून ओळखता येत नाही पोरीला." त्यांचे डोळे ओले होते आणि ते गालातल्या गालात हसत होते.

"लबाड!" मी ओरडले. सासऱ्याला असं म्हणू नये, पण मी म्हटलं. ते लंगडत पुढे निघाले होते, आणि त्यांच्या मागं जाताना मला लांब ढांगा टाकाव्या लागत होत्या.